शब्द आधी, पाणी मग

"शेवटी पाणी कोणी पाजलं?" फोनवर माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. गौरी यायच्या दिवशीची सकाळ होती. मळ्यात तोडणी चालू, टेम्पो रस्त्यावर येऊन उभा, आणि माझे दोन्ही हात झेंडूच्या दवाने ओले. सुनेने मोबाइल आणून माझ्या कानाला लावला. पलीकडे शरयूबाईंचा भाचा होता. "मावशी, आत्या गेली," म्हणाला. सकाळी चहा घेता घेता मान कलली, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं होतं. आणि मी त्याला विचारते काय, तर पाणी कोणी पाजलं! तो बिचारा गांगरला. "पाणी... नाही हो मावशी, हातात चहाचा कप होता," असं काहीतरी पुटपुटला. त्याला वाटलं असणार, म्हातारी रीतभात विचारते आहे. रीतभात नव्हती ती. बाईंचं आणि पाण्याचं एक वेगळंच नातं होतं, आणि ते माझ्याएवढं कोणाला माहीत नव्हतं. दीड महिना होऊन गेला आता. दसरा झाला, फुलांची घाई ओसरली, आणि दुपारी हात रिकामे झाले की मन तिकडेच जातं. सून म्हणाली, "आई, तुम्ही आम्हाला सांगता तसंच लिहून काढा." म्हणून बसले आहे.

शरयूबाई आमच्या मळ्याच्या पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मी फुलं पिकवणारी, हार ओवणारी बाई. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही वाचन झालं ते फुलं बांधायला आणलेल्या रद्दीतलं. पुरवणी असली की ती मी बाजूला काढून ठेवायची, फुलं साध्या पानात बांधायची. नाशकातलं तेव्हाचं इंदिरानगर आजच्यासारखं नव्हतं. अर्धी कॉलनी, अर्धे मळे. एकीकडे नव्या बंगल्यांना रंग लागतोय आणि दुसरीकडे आमच्या विहिरीवरची मोटार धडधडतेय. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शंभर टक्के निकालाची परंपरा'. शेवंती खुडताना मान वर केली की ते दिसायचं. मला फार अभिमान वाटायचा त्या भिंतीचा. माझी धाकटी, मंगल, त्या शाळेत होती ना!

ही परंपरा कशी चालते ते मात्र मंगल नववीच्या शेवटाला आली तेव्हा कळलं. बऱ्याच शाळांमधून तेव्हा हे चालायचं, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नसे. नववीत जी पोरं कच्ची, त्यांच्या घरच्यांना बोलवायचं. चहा पाजायचा. गोड बोलून सांगायचं की पोरीला झेपायचं नाही, तुम्ही दाखला काढून न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, तिला बाहेरून बसू द्या. म्हणजे पोरगी दहावीला बसणार, पण शाळेची म्हणून नाही. नापास झालीच तर तो नापास शाळेच्या अंगाला लागत नाही. आमच्या मालकांनाही बोलावणं आलं, तेही चहा पिऊन आले, आणि घरी येऊन म्हणाले, "मंगलचं गणित लय कच्चं हाय म्हणत्यात. दाखला नेऊ." मंगल कोपऱ्यात गजरे करत होती. तिच्या हातातला दोरा थांबला.

आणि दाखला काढायच्या आतच जुने सर निवृत्त झाले आणि शरयूबाई आल्या. बारीक चणीच्या, पदराला पिन, पायांत कोल्हापुरी, आणि बसायला एक खटारा मोपेड, जी त्यांच्यापेक्षा आधी ऐकू यायची. लग्न केलेलं नव्हतं, घरी म्हातारी आई. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की नववी पास झालेलं प्रत्येक पोर शाळेतूनच दहावीला बसेल, आणि दाखला हातात देऊन कोणालाही बाहेर काढायचं नाही. संस्थेचे अध्यक्ष धावत आले. तो प्रसंग बाईंनी मला पुढे कितीदा तरी सांगितला, आणि दर वेळी अध्यक्षांचा आवाज काढून सांगितला.

"बाई, अहो शंभर टक्के आहे आपलं!"

"साहेब, जी पडतील असं वाटतं ती पोरं आपण आधीच बाहेर काढतो. मग उरतात त्यांचे शंभर टक्के. मी मागीलदारी सगळे खराब बटाटे फेकून पुढच्या दारी म्हटलं की माझ्याकडचा एक बटाटा खराब नाही, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

"बटाट्याचं काय मध्येच!"

"बरोबर. पोरं आहेत ती. म्हणूनच."

त्या वर्षभर बाईंनी कच्च्या पोरांचे जादा तास घेतले. मंगल संध्याकाळी उशिरा यायची, पण येताना गुणगुणत यायची. अभ्यास करून गुणगुणणारी पोर मी आधी बघितलेली नव्हती. मला वाटलं, निघणार ही. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात गेली. तीच एकटी नव्हती, आणखीही काही पोरं गेली होती. भिंतीवरचे शंभर टक्के त्या वर्षी गेले ते गेलेच.

पुढे जे झालं ते सांगते. सायखेड्याचं एक स्थळ आधीपासून विचारत होतं. द्राक्ष-कांद्याची शेती, गोदावरीकाठ, माणसं चांगली. मालक आधी म्हणायचे, "दहावी होऊ दे पोरीची, मग बघू." आता दहावी गेली म्हटल्यावर ते म्हणाले, "झाली ना हौस? आता घरात बसवून काय करायचं?" मंगलच्या वयाचं कोणी बघितलं नाही. तेव्हा आमच्यात बघतच नसत फार. मी बोलले थोडंफार, रडले, पण आमच्या घरात बायकांच्या रडण्याला पावसाची भुरभुर समजायचे. थोड्या वेळाने थांबते म्हणून. पंधरवड्यात मांडव पडला.

हळदीच्या दिवशी दुपारी ती मोपेड वाजत वाजत मळ्यात शिरली. बाईंना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या ऑक्टोबरच्या परीक्षेचं सांगायला आल्या होत्या. एका विषयासाठी पुन्हा बसता येतं, सोमवारपासून तास घेते, मंगलला पाठवा, एवढंच सांगायला. दारात मांडव बघून त्यांना वाटलं, मोठीचं काही असेल. मग त्यांनी पाटावर बसलेली मंगल बघितली. तोंडाला हळद, हातात सुपारी. मंगलनेही त्यांना बघितलं आणि पोरगी चटकन उठायला लागली. वर्गात बाई आल्या की उठतात ना, तशी. करवल्यांनी खांदे धरून तिला खाली बसवलं.

कोणीतरी बाईंना खाटेवर बसवलं, माझ्या नणंदेने पाण्याचा पेला हातात दिला. बाई पेला धरून बसल्या. मालक आले तसं त्यांना म्हणाल्या, "थोडं थांबवता येणार नाही? ऑक्टोबरपर्यंत?"

"बाई, पत्रिका वाटून झाल्या."

"एकच विषय आहे हो. निघेल ती."

"तुम्हीच बसवलं ना तिला?" मालक चिडले नव्हते, साधं बोलल्यासारखंच बोलले. "आधीच्या सरांनी सांगितलं व्हतं, झेपायचं नाय म्हणून. बाहेरून बसली असती, दोन वर्षांनी बसली असती. कुणाला कळलं पण नसतं. आता साऱ्या गावात झालं, पोरगी नापास. जेवून जा."

बाई उठल्या. पेला भरलेला तसाच खाटेच्या कडेला ठेवला आणि गेल्या. तो पेला मी संध्याकाळपर्यंत हलवू दिला नाही. का ते सांगता येत नाही. काठावर नणंदेच्या बोटाची हळद लागलेली होती.

लग्न झालं, पोर सासरी गेली, आणि आठवडाभराने बाई पुन्हा आल्या. मालक बाजारात होते. मी ओट्यावर हार ओवत बसलेले. बाई समोर जमिनीवरच बसल्या, मी चटई देईपर्यंतही थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "इंदूताई, मी चुकले का हे विचारायला नाही आले. काय चुकले ते सांगायला आले." मी मान वर केली नाही. "मंगलला बसवलं ते चुकलं नाही माझं. ते मी पुन्हा करीन. पण बसवायच्या आधी मी या घरी आले नाही. मी तिच्या मार्कांचा विचार केला, मांडवाचा केला नाही. शाळेच्या फाटकाच्या आत काय होईल तेवढंच बघितलं. निर्णय माझा होता, आणि तो पडला तुमच्या पोरीच्या अंगावर." मी सांगते तुम्हाला, एवढं स्पष्ट माझ्याशी आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. माणसं चुकतात तेव्हा एकतर भांडतात, नाहीतर नशिबावर टाकतात. मला राग होता, होताच. पण समोर कोणी असं सगळं ओट्यावर मांडून ठेवलं की रागाला धरायला जागा राहत नाही. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पाणी आणते." तर म्हणाल्या, "नको. तुमच्या घरचं पाणी प्यायला अजून तोंड नाही मला."

आणि मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत कच्च्या पोरी असतील. फॉर्म भरायच्या आधी मी प्रत्येकीच्या घरी जाणार आहे. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

मी हसलेच. म्हटलं, "मी येऊन काय करू? मला काय येतं?"

"मी परीक्षेचं सांगीन. मांडवाचं तुम्ही सांगा."

शाळेत त्यांचं काय चाललं होतं ते मला हळूहळू कळलं. निकाल उतरला म्हणून अध्यक्षांनी त्यांच्या कायम नेमणुकीचा कागद बरेच दिवस अडवून धरला. पुढच्या वर्षी पूर्वीसारखं करा, कागद लगेच देतो, असा निरोप यायचा. भिंतीवर पुट्टी मारून वर चुना फासला, पण पावसाळ्यात चुना धुपला आणि नेमका 'परंपरा' एवढाच शब्द वर आला. बाई मला फाटकाशी उभं करून तो दाखवायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. पण आतून हसत नसाव्यात. घरी म्हातारी आई, तिचं दवाखान्याचं, आणि नोकरी अधांतरी. एकदा मी विचारलं, "बाई, भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते ना. पण भीती वाटते म्हणून केलं, असं एखाद्या पोरीच्या आईला तोंडावर सांगता येईल का, एवढंच बघते. सांगता येत नसेल तर ते करायचं नाही."

दसरा आणि दिवाळीच्या मधले रविवार हे तेव्हापासून आमचे फेरीचे दिवस. मोपेडवर मागे मी, एका हाताने बाईंचा खांदा आणि दुसऱ्याने सीट धरून जीव मुठीत घेतलेली. पाथर्डीकडचे मळे, वडाळ्याच्या बाजूची वस्ती, कुठे पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेल्या माणसांच्या झोपड्या. बाईंनी एक नेम करून घेतला होता. घरात शिरलं की आधी बोलणं. पोरगी नापास झाली तरी शाळा सुटणार नाही, लग्न ठरणार नाही, असा शब्द बापाने द्यायचा. शब्द आधी, पाणी मग. पाणी समोर आलं तर हाताने बाजूला सारून ठेवायच्या, पण प्यायच्या नाहीत. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं नाशकात, माहीत आहे ना? ओठ सुकून जायचे त्यांचे. मी म्हणायची, "बाई, पाणी काय वैरी आहे का?" म्हणायच्या, "आपण एखाद्याच्या पोरीबद्दल काही ठरवलं की त्याच्या घरी जाऊन पाणी पिता आलं पाहिजे. पिता येत नसेल तर आपण काहीतरी लपवतोय." हेच त्यांचं सगळं शास्त्र. मोठमोठ्या शिबिरांना बोलवायचे त्यांना पुढे पुढे, नव्या मुख्याध्यापकांसमोर भाषण करायला. तिथेही हेच सांगायच्या म्हणे, आणि लोक वहीत लिहून घ्यायचे.

एक घर आठवतं. पाथर्डीकडचा भाजीपाल्याचा मळा, बाप तोंडाचा फटकळ. पोरगी सरला, इंग्रजीत कच्ची.

"नापास झाली तर?" त्याने विचारलं.

"तर पुन्हा बसेल," बाई म्हणाल्या.

"अन् पुन्यांदा झाली तर?"

"तर आणखी एकदा. अहो, एका वर्षी टोमॅटोला भाव नाही मिळाला म्हणून तुम्ही टोमॅटो लावायचं सोडलंत का?"

"सोडलं ना बाई! आता फ्लावर लावतो." आणि तो खदाखदा हसला. त्याची बायको हसली, चुलीपुढची म्हातारी हसली. बाई स्वतःही एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे आता तुम्ही. मी मंगलचं सांगितलं. पाटावरून उठायला लागलेली पोर, खांदे धरून खाली बसवलेली, ते सांगितलं. मला ते सांगायला दर वेळी जड जायचं, आणि दर वेळी सांगून झालं की थोडं हलकंही वाटायचं. तो माणूस पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "नाय देत लग्न लावून. दिला शब्द." बाईंनी तेव्हा पेला उचलला. डोळे मिटून, सावकाश, एका दमात प्यायच्या त्या. जसं काही देवळातलं तीर्थ. आणि रिकामा पेला खाली ठेवताना "हुश्श" असा एक आवाज करायच्या, लहान पोरासारखा.

सगळ्यांनी शब्द पाळले असं नाही. काही घरांतून आम्ही तहानलेल्याच परत आलो. काहींनी शब्द देऊन मोडलाही. पोरगी नापास झाली आणि महिन्याभरात कुंकू लागलं. तशी बातमी आली की बाई दोन-तीन दिवस मळ्याकडे फिरकायच्या नाहीत. मग एखाद्या दुपारी यायच्या, माझ्यासमोर बसायच्या, शेवंतीची टोपली पुढ्यात ओढायच्या आणि हार ओवायला लागायच्या. इतकी वर्षं ओवले त्यांनी हार माझ्याकडे, पण गाठ काही घट्ट बसली नाही. देवाच्या गळ्यात घालीपर्यंत अर्धी फुलं खाली. मालकसुद्धा शेवटी शेवटी म्हणायचे, "बाईंचा हार तेवढा बाजारात पाठवू नका." मालकांचं आणि त्यांचं छान जमलं पुढे. एका दिवाळीला मालकांनी स्वतः पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "प्या आता. किती दिवस तहानलेलं राहाल आमच्या दारात?" माझ्या घरचं पाणी त्या दिवशी बाई पहिल्यांदा प्यायल्या. हे वारले तेव्हा बाई माझ्यापेक्षा जास्त रडल्या असतील.

पण एक घर राहिलं होतं. सायखेड्याचं.

मंगलच्या घरी बाई कधी गेल्या नाहीत. मंगल दिवाळीला, राखीला माहेरी यायची, तेव्हा बाई बरोबर तेवढे दिवस मळ्यात यायच्या नाहीत. शाळेत काम निघालं, आईला बरं नाही, मोपेड बिघडली. ती गेली की विचारायच्या, "आली होती ना? कशी आहे? अंगाने भरली का? पोरं कशी आहेत?" मी म्हणायची, "अहो, या ना तिला भेटायला. एसटीने जाऊ, अर्ध्या दिवसात परत." म्हणायच्या, "जाऊ, जाऊ." एवढ्या अध्यक्षांना न घाबरणारी बाई, पण माझ्या मंगलला घाबरायची. एकदा बोलून गेल्या, "तिने विचारलं, बाई, मला का बसवलंत... तर मी काय सांगू? दुसऱ्यांना सांगायला माझ्याकडे उत्तर आहे. तिला सांगायला नाही." मी म्हटलं, "ती नाही असं विचारणार." तर म्हणाल्या, "विचारलं नाही तर जास्तच वाईट."

आपण माणसं काय करतो बघा. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहतो. बाई निवृत्त झाल्या. नव्या मुख्याध्यापिकेने त्यांना सांगितलं की रविवारची फेरी तुम्ही सोडू नका, म्हणून आमचं फिरणं चालूच राहिलं. मोपेड भंगारात गेली, मग रिक्षाने. मग बाईंना दम लागायला लागला, जिना चढवेना. शेवटची भेट झाली ती त्यांच्या फ्लॅटमध्ये, आषाढात. खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी निशिगंध घेऊन गेले होते. वास घेतला, टेबलावर ठेवला आणि मध्येच म्हणाल्या, "दसरा झाला की आधी सायखेडा. मग बाकीची घरं."

मी म्हटलं, "खरंच?"

"खरंच. आता टाळून चालणार नाही, इंदूताई." मग विचारलं, "तिच्याकडचं पाणी कसं आहे हो?"

"गोदावरीकाठ आहे, बाई. विहिरीचं पाणी गोड आहे."

"हां..." म्हणाल्या. एवढंच. ते "हां" अजून कानात आहे माझ्या.

आता कळलं ना, मी भाच्याला पाण्याचं का विचारलं ते? मला वेडीला वाटलं, एवढ्या घरांचं पाणी प्यायलेली बाई, एका घरचं राहिलं... निदान जाताना तरी कोणी घोटभर दिलं असेल.

दहाव्याला मंगल आली. तिच्या थोरल्या पोरीला घेऊन. भरदुपारी ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. बाईंचं न येणं, भिणं, आषाढातलं बोलणं. इतकी वर्षं मी तिला हे सांगितलं नव्हतं, कारण बाईंनीच सांगायचं म्हणून ठेवलं होतं ते. मंगल ऐकत होती आणि पदराच्या टोकाला गाठी मारत होती.

"एवढं भेत होत्या मला?" ती म्हणाली. "आई, मला दाखला हातात देऊन काढलं असतं ना, तर मी जन्मभर समजले असते की मी ढ हाय. बसले म्हणून तर मला कळलं, मला भूमिती येत होती. बीजगणित नव्हतं येत. त्या वर्षी संध्याकाळी शाळेतून येताना मला जे वाटायचं ते नंतर कधी वाटलं नाय." मग जराशाने म्हणाली, "पण बाईंनी एकदा आधी यायला पायजे होतं घरी. अण्णांशी बोलायला. तेवढं मात्र खरं."

"तेच त्या म्हणायच्या," मी म्हटलं.

"मग झालं की. मला काय येगळं विचारायचं होतं?" आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या घरी आल्या असत्या ना, तर मी त्यांना पाणी आधी दिलं असतं. शब्दबिब्द मग."

अहो, हे एवढं वाक्य. सायखेडा काही लांब नाही. पावसातसुद्धा तासा-दीड तासाची एसटी. हे वाक्य तिकडे इतकी वर्षं तयार होतं आणि इकडे बाई खिडकीत बसून त्याला भीत होत्या. मला कोणाकोणाचा राग येतो सांगू? एसटीचा येतो, आषाढाचा येतो, माझ्या "पुढच्या वर्षी"चा येतो. आणि सगळ्यात जास्त काय वाटतं, तर हे बाईंना सांगावं असं वाटतं. दुपारी मोपेडसारखा आवाज झाला की मान वर होते माझी. शेवंतीची टोपली मी अजून दोघींच्या मध्ये ठेवते आणि मग समोर कोणी नाही म्हणून माझ्याकडे ओढून घेते. माझे हार आता सगळेच्या सगळे घट्ट बसतात. एकही फूल गळत नाही. मेलं, ते बघवत नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी फेरीला निघाले. सून म्हणाली, "आई, एकट्या?" म्हटलं, "रिक्षावाला आहे ना." पहिलं घर त्या फटकळ फ्लॉवरवाल्याचंच धरलं. सरला निघाली होती पहिल्याच खेपेला, नर्सिंग केलं तिने पुढे. आता तिची सर्वांत धाकटी बहीण दहावीत आहे, आणि ती गणितात कच्ची. बाप थकलाय, पण तोंड तेच. "आला का तुमचा दरोडा," म्हणाला. मी ओट्यावर बसले. त्याची बायको आत गेली आणि सवयीने दोन पेले भरून घेऊन आली. माझ्यासमोर ठेवले आणि मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवला तिने. "अगं बाई... चुकून..." म्हणत एक पेला उचलायला लागली.

मी म्हटलं, "राहू दे गं."

मग मी बोलायला लागले. परीक्षेचंही मीच सांगितलं आणि मांडवाचंही. या वेळी मंगल काय म्हणाली तेही सांगितलं, की भूमिती येत होती. फ्लॉवरवाला अंगठ्याने जमीन उकरत ऐकत राहिला. दोन्ही पेले तसेच होते, ऑक्टोबरचं ऊन ओट्यावर सरकत सरकत त्यांच्यापर्यंत आलेलं. शेवटी तो म्हणाला, "दिला शब्द, इंदूताई. बाईंनाबी दिला म्हणून समजा."

मी माझा पेला उचलला आणि प्यायले. मग दुसरा उचलला. डोळे मिटले, आणि सावकाश, एका दमात, त्या प्यायच्या तसं बाईंच्या वाट्याचं पाणी प्यायले. पेला खाली ठेवताना तोंडातून आपोआप "हुश्श" निघालं.